पिवळ्या पिनेचा जमाना गेला, डबीचा धंदा मात्र आहे

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात राहणारा माणूस बहुधा पहाटेच्या लोकलने मुंबईला जातो आणि रात्री जेवणाच्या वेळेला परततो. घर लहान, कमाई बेताची. त्यातूनही दोन-चार वर्षे पैसे साठवून (किंवा हप्त्यावर, पण हप्त्यातील व्याजाच्या प्रश्नावर स्वतंत्रपणेच लिहावे लागेल) तो भिंतीवर लावायचा नवा एलईडी टीव्ही घेतो. टीव्ही भिंतीवर चढतो आणि मग अडचण लक्षात येते. फ्री डिशचा जुना बॉक्स, मुलांचा डीव्हीडी प्लेअर, माळ्यावरचा व्हीसीआर, या सर्वांच्या मागे लाल, पांढरी व पिवळी अशा तीन गोल पिनांची वायर. नव्या टीव्हीच्या मागे मात्र ती वायर घुसवायला जागाच नाही. तेथे आहे ती चपटी एचडीएमआयची खाच.

मग तो नाक्यावरच्या टीव्ही मेकॅनिककडे येतो. मेकॅनिक काउंटरखालून तळहातात मावेल अशी एक डबी काढतो. एका बाजूने तीन रंगीत पिना आत, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय बाहेर, वीज देण्यासाठी एक बारीक यूएसबी वायर. दुकानदार तिला कन्व्हर्टर म्हणतात, गिऱ्हाईक नुसते "डबी" म्हणते. किरकोळ बाजारात ती साधारण ३०० ते ७०० रुपयांच्या दरम्यान मिळते. आमच्या वाचकांपैकी अनेक जण टीव्ही दुरुस्ती, मोबाइल, केबल, सीसीटीव्ही व लग्नाचे व्हिडिओ या धंद्यांत आहेत. त्यांच्यासाठी ही वस्तू वरवर क्षुल्लक असली तरी तिच्यामागे एक जाणून घेण्यासारखा धंदा आहे, म्हणून आज तिची माहिती देत आहोत.

आधी ही अडचण आली कोठून ते पाहू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी आपल्याकडे रंगीत चित्र आले. त्याच सुमारास टीव्ही बनवणाऱ्या देशी कंपन्या पुढे आल्या. औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉन त्यांपैकी एक, आणि शिंगवाल्या सैतानाच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोहोचलेली ओनिडा दुसरी. ओनिडाच्या मिर्क इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना वाडा तालुक्यात कुडूसला उभा राहिला, म्हणजे आजच्या आपल्या पालघर जिल्ह्यातच. त्या टीव्हींची पिक्चर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर व बोर्ड दुरुस्त करून मेकॅनिकांच्या एका अख्ख्या पिढीने संसार चालवले. कोकणातील अनेक मुस्लिम घरांत व्हीसीआर आला तो मात्र दुकानातून नव्हे, तर दुबई, कुवेत किंवा सौदीहून सुट्टीवर आलेल्या मुलाच्या सामानातून.

हे सर्व यंत्र ॲनालॉग पद्धतीचे होते. पुढे जपान, युरोप व अमेरिकेतील सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआयची पद्धत ठरवली व डिसेंबर २००२ मध्ये तिची पहिली आवृत्ती जाहीर झाली. आपल्याकडे केबलच्या डिजिटल सक्तीचा पहिला टप्पा मुंबईसह महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ला आला, तर देशाच्या उरलेल्या भागासाठीची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत मोजके सोडून बंद झाले. पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुकानांतून केव्हाच गेले. पण गिऱ्हाइकाच्या घरातले जुने सामान काही सरकारच्या मुदतीप्रमाणे बदलत नाही. नवा टीव्ही व जुने सामान यांच्यामधल्या फटीत या डबीचा धंदा आहे.

डबीच्या पोटात काय चालते, हे दुकानदाराला ठाऊक असले पाहिजे, कारण निम्म्या तक्रारी त्यातूनच उगवतात. पिवळ्या पिनेतून येणारा सिग्नल म्हणजे सुमारे १ व्होल्टची वरखाली होणारी लहर. उजेड, रंग व ओळ कोठे सुरू करायची याचा इशारा, हे तिन्ही त्या एकाच तारेत मिसळलेले असतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी, त्यांतल्या डोळ्यांना दिसणाऱ्या ५७६, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. यातही गंमत अशी की चित्र एका दमात येत नाही. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी येतात व मग २, ४, ६ अशा सम. भिवंडीच्या एखाद्या कारागिराने आधी एकाआड एक धागा टाकून सगळे कापड विणावे व मग परत सुरुवातीला येऊन मधले धागे भरावेत, तसा हा प्रकार. पिक्चर ट्यूबला हे चालत असे, कारण पडद्यावरची चमक विझण्याआधी दुसऱ्या ओळी येऊन पडत. एलईडीच्या पॅनेलला मात्र पूर्ण विणलेले कापडच लागते.

डबीतील चिप पहिल्यांदा मिसळलेला रंग व उजेड वेगळा करते, मग प्रत्येक ओळीचे ७२० तुकडे मोजून त्यांचे आकडे करते, विषम-सम ओळी जोडून एक चित्र बनवते, ते ताणून मोठे करते व शेवटी एचडीएमआयच्या भाषेत टीव्हीला देते. लाल-पांढऱ्या पिनांतला आवाजही आकड्यांत बदलून त्याच वायरीत जातो. तीन-चारशे रुपयांत हे सर्व होते, ही खरोखर नवलाची गोष्ट आहे. मोठ्या स्टुडिओतून एके काळी याच कामासाठी कपाटाएवढी यंत्रे लागत.

पण डबीवर मोठ्या अक्षरांत "१०८०" छापलेले असते व तेथेच घोटाळा होतो. हिशेब सरळ आहे. आत येणारे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे. बाहेर जाणारे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचे. म्हणजे पाच ठिपक्यांतला एकच खरा, बाकीचे चार डबीने अंदाजाने भरलेले. व्हीसीआरच्या कॅसेटवर तर मुळातच तपशील याहून कमी असतो. ही डबी लावल्याने जुने चित्र "फुल एचडी" होत नाही, फक्त नव्या टीव्हीवर दिसू लागते. उलट मोठ्या पडद्यावर जुन्या चित्रातले दोष अधिकच डोळ्यांत भरतात. गिऱ्हाइकाला हे विकण्यापूर्वी सांगावे. विकल्यानंतर सांगितले तर ती सबब वाटते.

या ठिकाणी एक हदीस आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. तेव्हा प्रेषितांनी (स.) ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी त्याला विचारणा केली व फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, हे बजावले. छापील खोक्यावरची "१०८०" ही अक्षरे आपण छापलेली नसतात, हे खरे. पण ढिगाचा ओला भाग आपल्याला माहीत असताना वरची कोरडी बाजू दाखवून माल देणे, हे त्याच प्रकारात मोडते असे आमचे मत आहे.

आता दुकानातल्या व्यवहाराकडे वळू. गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न विचारायचा तो टीव्हीच्या मॉडेलचा. अनेक नव्या टीव्हींना तीन गोल पिनांची जागा नसली तरी हेडफोनसारखे एक बारीक छिद्र असते व त्यावर "एव्ही" असे लिहिलेले असते. त्यासाठी एका टोकाला हेडफोनची पिन व दुसऱ्या टोकाला तीन रंगीत जागा असलेली साधी वायर लागते. ती डबीपेक्षा बरीच स्वस्त आहे, तिला वीज लागत नाही आणि चित्रही टीव्हीच्या स्वतःच्या चिपमधून, म्हणजे बहुधा अधिक चांगले येते. अशा गिऱ्हाइकाला डबी देऊ नये. मात्र या वायरींची जोडणी सर्व कंपन्यांत एकसारखी नसते. चुकीची वायर लागली तर आवाज येतो पण चित्र येत नाही, किंवा नुसती घरघर ऐकू येते. म्हणून दोन-तीन प्रकारच्या वायरी ठेवून लावून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट दिशेची. बाजारात जवळजवळ एकसारख्या दिसणाऱ्या दोन डब्या येतात. एक एव्हीचे एचडीएमआय करते, दुसरी एचडीएमआयचे एव्ही. दुसरी घेणारा म्हणजे ज्याच्या घरी अजून जुना ट्यूबचा टीव्ही आहे व त्यावर त्याला नवा बॉक्स किंवा स्टिक लावायची आहे. एक डबी दुसरीचे काम करू शकत नाही. होलसेलमध्ये माल उचलताना ही गफलत फार होते, कारण रंग व आकार सारखाच आणि फरक फक्त छोट्या अक्षरांत. लॅमिंग्टन रोडला जाण्यासाठी ग्रँट रोडला उतरून परत विरारपर्यंत यायचे, आणि मग खोकी उघडल्यावर चुकीचा माल निघाला तर दिवस व भाडे दोन्ही गेले. तिथल्या तिथे खोके उघडून वाचावे.

तिसरी गोष्ट विजेची. टीव्हीच्या एचडीएमआय खाचेतून डबीला वीज मिळत नाही, तिला ५ व्होल्ट वेगळे लागतात. टीव्हीच्या यूएसबीतून दिले तर बहुतेक वेळा चालते, शिवाय टीव्ही बंद केला की डबीही बंद होते, हा फायदाच. वेगळा अडॅप्टर द्यायचा असेल तर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक छापलेलाच द्यावा. बिननावाचे वीस-तीस रुपयांचे अडॅप्टर गरम होतात, आणि दाटीच्या चाळीत एखाद्या घरी ठिणगी पडली तर नुसती डबीची किंमत परत देऊन भागणार नाही.

नेहमीच्या तक्रारी व त्यांची कारणे मेकॅनिक भावांनी पाठ करून ठेवावीत. चित्र काळे-पांढरे आले तर पाल व एनटीएससीचा मेळ नाही. डीव्हीडी प्लेअरच्या मेनूत जाऊन पाल करावे. चित्र नाही व नुसता गुरगुराट आहे, तर पिवळी पिन पांढऱ्या किंवा लाल जागी गेली आहे. माणसे जाड व बुटकी दिसतात, कारण चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणले गेले. बहुतेक टीव्हींच्या रिमोटवर चित्राचा आकार ४:३ करता येतो. मुलांचा टीव्हीगेम बटण दाबल्यानंतर क्षणभराने हलतो, ते डबीला ओळी जोडायला वेळ लागतो म्हणून. त्याला इलाज नाही व हेही आधी सांगावे. सीसीटीव्हीवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ही डबी साध्या जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याचेच चित्र घेते. नव्या एचडी ॲनालॉग कॅमेऱ्यावर साध्या सिग्नलचा स्विच असेल तर तो फिरवून काम होते, नसेल तर होत नाही.

नफ्याचा हिशेब कोणी स्वप्ने पाहून करू नये. समजा एका नगामागे १०० रुपये सुटले व दिवसाला एक नग गेला, तर महिन्याच्या २६ दिवसांचे २,६०० रुपये होतात. तेवढ्यात मनवेलपाड्यातल्या गाळ्याचे भाडेही निघायचे नाही. त्यातून ४०० रुपयांचा एक नग खराब निघून परत आला तर चार नगांची कमाई गेली. म्हणून उधारीवर किंवा कर्ज काढून शंभर-शंभर नग भरणे शहाणपणाचे नाही. ज्या घरांत जुने सामान आहे ती घरे वर्षागणिक कमीच होणार आहेत. दहा-वीस नग रोखीने आणावेत, प्रत्येक नग गिऱ्हाइकासमोर दुकानातल्या टीव्हीवर लावून दाखवावा, मगच पैसे घ्यावेत.

खरा धंदा या डबीच्या पलीकडे आहे व तो कारागिराचा आहे. १९८५ ते २००५ या काळातली लग्ने, अकीके, हजला जाणाऱ्यांचे निरोप, शाळेचे जलसे, हे सर्व कॅसेटींवर पडून आहे. त्या कॅसेटी चालवणारे यंत्र आता कोणी बनवत नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. जे व्हीसीआर शिल्लक आहेत त्यांचे रबरी पट्टे ढिले झाले आहेत व रोलर कडक. ते पट्टे बदलणारा, हेड साफ करणारा, फीत अडकली तर न तोडता सोडवणारा हात ज्याच्याकडे आहे, त्या पन्नाशी-साठीच्या मेकॅनिकला लोक "आता तुमचे काम संपले" म्हणतात. आमच्या मते त्याचे काम संपलेले नाही, त्याला फक्त एका संगणकाची व तो चालवणाऱ्या घरातल्या मुलाची जोड हवी.

मात्र या कामाला टीव्हीची डबी हा उत्तम रस्ता नव्हे. घिसलेल्या कॅसेटचा सिग्नल थरथरता असतो, ओळी वेळेवर येत नाहीत, व स्वस्त डबी अशा वेळी मध्येच निळा किंवा काळा पडदा देते. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडला तर तो सिग्नल पुष्कळदा सावरतो; भंगारात असा रेकॉर्डर दिसला तर सोडू नये. संगणकात घेताना डबीने ताणलेले १०८० चे चित्र न घेता, यूएसबी कॅप्चरने मूळ ७२० गुणिले ५७६ व सेकंदाला २५ या मापातच घ्यावे, विषम-सम ओळी नंतर सावकाश जोडाव्यात. १९९५ साली निघालेल्या डीव्ही पद्धतीच्या छोट्या कॅसेटी तर मुळातच डिजिटल आहेत. त्या कॅमेऱ्यातून फायरवायरने सरळ उतरवाव्यात, एव्हीच्या पिनांतून काढणे म्हणजे दूध विरजून मग पुन्हा दूध मागणे. अशा उताऱ्याला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, तेव्हा हार्ड डिस्कचा खर्च दरात धरावा. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, यात घाई चालत नाही.

आखाती देशांतून आलेल्या कॅसेटींबाबत एक खास सूचना. सौदी अरेबियात त्या काळी रंगाची सेकाम पद्धत होती. तेथे टीव्हीवरून भरून आणलेल्या कॅसेटी, म्हणजे हजचे प्रक्षेपण किंवा मक्केची तरावीह, साध्या व्हीसीआरवर व डबीवर काळ्या-पांढऱ्या दिसतात. कॅसेट खराब झाली असे समजून लोक त्या टाकून देतात. मल्टिसिस्टिम व्हीसीआरवर लावल्यास रंग परत येतो. असा एखादा व्हीसीआर विरार-नालासोपाऱ्याच्या पट्ट्यात कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर मेकॅनिक भावांनी तो शोधून ठेवावा.

आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत कॅसेटींना पांढरी बुरशी धरते. खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालूच नये. बुरशी हेडवर बसते व पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला लागते. अशा कॅसेटींसाठी एक वेगळा व्हीसीआर ठेवावा.

शेवटी अमानतीबद्दल. लग्नाच्या कॅसेटीत जनानखान्याचे चित्रण असते, मेंदी असते, घरातल्या आयाबहिणींचे चेहरे असतात. ज्या काळी ती कॅसेट भरली गेली त्या काळी ती घरच्या कपाटातच राहणार होती. आज तीच फाइल झाली की एका बोटासरशी कोठेही जाऊ शकते. अनेक घरे केवळ या भीतीने कॅसेटी बाहेर काढत नाहीत, व त्या तशाच सडून जातात. हे काम करणाऱ्याने गिऱ्हाइकाला प्रथमच स्पष्ट सांगावे की चित्रण कोण पाहील, फाइल कशात दिली जाईल व दुकानातल्या संगणकावरून केव्हा पुसली जाईल. जनान्यातल्या चित्रणाचे काम घरातल्या मुलीने किंवा पत्नीने संगणकावर बसून केले तर अधिकच चांगले. आपल्या भगिनींना घरबसल्या हलाल रोजगारही मिळेल. नमुना म्हणून कोणाचेही लग्न मोबाइलवर दाखवू नये, समोरचा कितीही ओळखीचा असो.

कॅसेट परत देताना ती मागे गुंडाळून, खोक्यात उभी ठेवून द्यावी, फाइल दोन ठिकाणी, म्हणजे एक पेन ड्राइव्हवर व एक गिऱ्हाइकाच्या हार्ड डिस्कवर, उतरवून द्यावी, आणि गिऱ्हाइकाने ती आपल्या टीव्हीवर चालवून पाहिल्यावर, त्याच्यासमोरच, दुकानातली प्रत पुसावी.